चौसष्ट घरे आणि बहिणीचा वाटा

बुद्धिबळाच्या पटावर घोडा कसा फिरवावा, हे सांगणारा आणि निपुत्रिक माणसाच्या पश्चात त्याची मिळकत कोणाकडे जावी, हे ठरवणारा ग्रंथकार एकच असू शकतो, हे आज सहसा कोणाच्या मनात येत नाही. आपण विद्यांच्या वाटण्या केल्या आहेत. खेळ खेळाडूंकडे, कायदा वकिलांकडे, धर्मविधी गुरुजींकडे आणि राजकारण पुढाऱ्यांकडे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीत राहणाऱ्या एका दाक्षिणात्य पंडिताला मात्र ह्या वाटण्या मान्य नव्हत्या. त्यांचे नाव नीलकंठभट्ट. त्यांच्या ग्रंथातील बुद्धिबळ आज काही अभ्यासकांनाच ठाऊक आहे. त्यांनी केलेला वारसाहक्काचा विचार मात्र मुंबई इलाख्यातील व्यापारी घराण्यांच्या दाराशी, त्यांना नकळत, शंभर वर्षांहून अधिक काळ उभा होता.

नीलकंठांचे घराणे मूळचे पैठणचे. मुनिसुव्रत भगवंतांचे अतिशय क्षेत्र म्हणून जैन वाचकांना परिचित असलेले हे गोदातीरीचे प्राचीन नगर त्या काळी विद्येचे मोठे पीठ होते. नीलकंठांचे पणजोबा रामेश्वरभट्ट दक्षिण सोडून काशीस गेले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांचा जन्म १५१३ सालचा. काशीतील विश्वेश्वर मंदिराच्या सोळाव्या शतकातील पुनर्बांधणीशी त्यांचे नाव जोडलेले आहे. नारायणभट्टांचे पुत्र शंकरभट्ट हे मीमांसेचे नामांकित पंडित, आणि नीलकंठ हे शंकरभट्टांचे पुत्र. ह्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेत ‘निर्णयसिंधु’कार कमलाकरभट्ट झाले आणि १६७४ साली रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक करणारे गागाभट्टही झाले. एखाद्या पेढीची गादी पिढ्यान्‌पिढ्या चालावी, तशी ह्या घराण्यात विद्येची गादी चालली. मात्र पेढीत जसे चुलतभाऊ प्रत्येक सौद्यावर एकमत होत नाहीत, तसेच येथेही होते. नीलकंठ आणि कमलाकर हे चुलतभाऊ एकाच काळात, एकाच नगरात लिहीत होते आणि अनेक प्रश्नांवर त्यांची मते निराळी होती.

भारतरत्न महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी नीलकंठांच्या लेखनाचा काळ साधारणतः १६१० ते १६४५ असा ठरवला आहे. यमुना आणि चंबळ यांच्या संगमाजवळील भरेह येथील सेंगर कुळाचा राजा भगवंतदेव हा त्यांचा आश्रयदाता. त्याच्या नावावरून नीलकंठांनी आपल्या बृहद्‌ग्रंथाला ‘भगवंतभास्कर’ असे नाव दिले. भास्कर म्हणजे सूर्य, म्हणून त्याच्या प्रत्येक भागाला ‘मयूख’ म्हणजे किरण म्हटले. असे बारा मयूख आहेत. संस्कार, आचार, काल, श्राद्ध, नीती, व्यवहार, दान, उत्सर्ग, प्रतिष्ठा, प्रायश्चित्त, शुद्धी आणि शांती हे त्यांचे विषय. विहिरी-तलावांच्या लोकार्पणापासून न्यायदानापर्यंत सारे काही एका योजनेत बसवलेले आहे. गृहस्थाच्या आणि राजाच्या जीवनात जे जे प्रसंग येतात, त्यांची ही जणू एक सलग खतावणी आहे.

नीतीच्या ग्रंथात बुद्धिबळ

ह्या बारा किरणांपैकी ‘नीतिमयूख’ हा राजधर्माचा भाग. राजा, अमात्य, दुर्ग, कोश, सैन्य यांची चर्चा करणाऱ्या ह्या ग्रंथात नीलकंठांनी बुद्धिबळासाठी स्वतंत्र जागा ठेवली. एकोणिसाव्या शतकात जर्मन पंडित वेबर यांनी ह्या प्रकरणाकडे युरोपचे लक्ष वेधले आणि १९१३ साली मरे यांनी लिहिलेल्या बुद्धिबळाच्या बृहत् इतिहासात त्याची नोंद झाली.

नीलकंठांच्या पटावर राजा आणि मंत्री मधल्या दोन घरांत उभे असतात. त्यांच्या दोन्ही अंगांना उंट, उंटांच्या बाजूला घोडे आणि कोपऱ्यांत हत्ती. पुढच्या रांगेत प्यादी. आज महाराष्ट्रातील कोणत्याही घरात मुले पट मांडतात, तेव्हा ते मोहरे ह्याच क्रमाने आणि जवळजवळ ह्याच नावांनी मांडतात. इंग्रजीत जो धर्मगुरू आहे तो आपल्याकडे उंट आहे, आणि इंग्रजीत जो बुरूज समजला जातो तो आपल्याकडे हत्ती आहे.

बुद्धिबळाला ज्ञानग्रंथात स्थान देणारे नीलकंठ पहिले नव्हेत. त्यांच्या पाचशे वर्षे आधी, आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथून राज्य करणाऱ्या चालुक्य सम्राट तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ ह्या शंभर अध्यायांच्या ग्रंथात रत्नपरीक्षा, पाकशास्त्र, संगीत आणि अश्वविद्या यांच्या बरोबरीने चतुरंगाचेही वर्णन केले होते. त्याही आधी, नवव्या शतकात, काश्मीरचे रुद्रट यांनी ‘काव्यालंकारा’त ‘तुरगपद’ नावाचे चित्रकाव्य सांगितले. अर्ध्या पटाच्या बत्तीस घरांत श्लोकाची बत्तीस अक्षरे लिहायची आणि घोड्याच्या चालीने वाचत गेले, तरीही तोच श्लोक निघायचा, अशी त्यातील करामत.

नीलकंठांचे विशेष लक्ष ह्याच घोड्याच्या प्रवासाकडे आहे. चौसष्ट घरांपैकी प्रत्येक घराला घोड्याने एकदाच भेट द्यायची, एकही घर सुटता कामा नये आणि एकही घर दोनदा येता कामा नये. अशा भ्रमणाच्या रचना त्यांनी नीतिमयूखात दिल्या आहेत. हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. १७५९ साली ऑयलर ह्या थोर गणितज्ञाने त्यावर निबंध लिहिला आणि पुढे ह्या प्रकारच्या प्रश्नांतून गणिताची एक संपूर्ण शाखा विस्तारली. नीलकंठांचा ग्रंथ त्या निबंधाच्या शंभराहून अधिक वर्षे आधीचा आहे.

घोड्याच्या ह्या प्रवासात एक मर्म दडलेले आहे. पटाच्या मध्यभागी असलेल्या घरात घोडा आठ दिशांनी येऊ शकतो. कोपऱ्यातील घरात येण्यासाठी मात्र केवळ दोनच वाटा असतात. नवशिका खेळाडू मधल्या मोकळ्या घरांत मनसोक्त फिरतो आणि शेवटी त्याच्या ध्यानात येते की कोपऱ्यातील एखादे घर राहून गेले आहे आणि तेथे जाण्याची वाट आता उरलेली नाही. १८२३ साली वार्न्सडॉर्फ नावाच्या जर्मन लेखकाने ह्यावर एक साधा नियम सांगितला. पुढची चाल करताना ज्या घराला सर्वांत कमी वाटा उरल्या असतील, तेथे आधी जावे. ज्याच्याकडे अनेक वाटा आहेत, ते घर थांबू शकते. ज्याच्याकडे थोड्या वाटा आहेत, ते थांबू शकत नाही.

हा नियम नीलकंठांनी शब्दांत सांगितलेला नाही. परंतु एकही घर सुटू नये, ही दृष्टी त्यांच्या दुसऱ्या एका ग्रंथात निराळ्या रूपाने दिसते.

राजा पटाचा मालक नव्हे

तो ग्रंथ म्हणजे ‘व्यवहारमयूख’. कर्ज, ठेव, भागीदारी, दान, वाटणी, वारसा, साक्षीपुरावा अशा विषयांचा हा न्यायग्रंथ आहे. त्यात मालकी म्हणजे काय, ह्या प्रश्नाची चर्चा करताना नीलकंठ एक धीट सिद्धान्त मांडतात. जमिनीची मालकी ज्याची त्याची, म्हणजे ती धारण करणाऱ्या भूमिधारकाची. राजाला अधिकार आहे तो कर घेण्याचा. एका राजाने दुसऱ्याला जिंकले, तर पराभूत राजाचे स्वतःचे घर, शेत, धन जे असेल त्यावर जेत्याची मालकी येते. जेथे पराभूत राजाचा केवळ कर घेण्याचा हक्क होता, तेथे जेत्यालाही तेवढाच हक्क मिळतो. म्हणून राजाने एखादे गाव इनाम दिले, तर ते खऱ्या अर्थाने भूमिदान होत नाही. ती केवळ उपजीविकेची तजवीज असते. भूमिधारकाकडून शेत विकत घेऊन ते दिले, तर मात्र ते दान ठरते.

हे विचार मीमांसेच्या जुन्या चर्चेवर उभे आहेत, हे खरे. तरीही हे लिहिणारा पंडित एका राजाच्या आश्रयाला होता आणि ज्या ग्रंथाला त्या राजाचे नाव दिले, त्यातच त्याने राजसत्तेची मर्यादा लिहून ठेवली, हे विसरता येत नाही. बुद्धिबळात राजा सर्वांत मोलाचा मोहरा असतो. तो पडला की डाव संपतो. तरीही तो पटाचा मालक नसतो. त्यालाही नियमाने ठरलेलीच घरे चालावी लागतात.

बहिणीचा क्रमांक

व्यवहारमयूखातील जो विचार पुढे न्यायालयांपर्यंत पोहोचला, तो वारसांच्या क्रमाचा. विभक्त झालेला एखादा पुरुष मुलगा, नातू, पणतू मागे न ठेवता मरण पावला, तर त्याची मिळकत कोणाची? नीलकंठांचा क्रम असा: पत्नी, मग मुलगी, मग मुलीचा मुलगा, मग पिता, माता, सख्खा भाऊ, सख्ख्या भावाचा मुलगा, आजी आणि त्यानंतर बहीण.

अनेक शास्त्रकारांच्या यादीत बहिणीचा क्रमांकच नव्हता. लग्न झाले की ती दुसऱ्या गोत्रात गेली, म्हणून भावाच्या गोत्रातील वारस ती कशी, हा त्यांचा आक्षेप. नीलकंठांनी ‘गोत्रज’ ह्या शब्दाचा अर्थ नेमका धरला. गोत्रज म्हणजे त्या गोत्रात जन्मलेला. बहीण भावाच्याच गोत्रात जन्मली आहे. विवाहाने तिचे गोत्र बदलेल, परंतु जन्म बदलत नाही. एका शब्दाच्या अर्थावर उभा असलेला हा युक्तिवाद. त्याने पटाच्या कोपऱ्यातील घर मोजणीत आले.

इंग्रजी अमदानीत हिंदू कायद्याचे आधार शोधले जाऊ लागले, तेव्हा बोराडेल यांनी व्यवहारमयूखाचे इंग्रजी भाषांतर केले. ते १८२७ साली सुरतेस प्रसिद्ध झाले. १८८० साली रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी मूळ संहिता आणि भाषांतर नव्याने काढले. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे मिताक्षरा आणि मयूख यांत मतभेद असेल, तर मयूखाचे मत ग्राह्य मानले जाई. पुणे, अहमदनगर आणि खानदेश ह्या भागांत मयूखाला मिताक्षरेच्या बरोबरीचे स्थान दिले गेले. जैनांना विशिष्ट रूढी सिद्ध झाली नाही, तर वारसाच्या बाबतीत सर्वसाधारण हिंदू कायदाच लागू होतो, अशी न्यायालयांची भूमिका होती. एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेलेले कुटुंब आपला कायदा बरोबर घेऊन जाते, असेही मानले जाई. त्यामुळे गुजरातेतून पुण्या-मुंबईस येऊन कापडाची, धान्याची किंवा सराफीची पेढी घालणाऱ्या घराण्यांच्या वाटणीचा वाद न्यायालयात गेला, की वकिलांच्या टेबलावर काशीच्या ह्या पंडिताचा ग्रंथ उघडला जाई.

मुंबई इलाख्यात बहीण वारस ठरली ती अशी. हिंदुस्थानच्या इतर भागांत मिताक्षरा पाळणाऱ्या कुटुंबांतील बहिणीला निश्चित स्थान मिळण्यासाठी १९२९ सालचा कायदा यावा लागला.

नीलकंठांना आजच्या अर्थाने सुधारक ठरवणे हे इतिहासाला धरून होणार नाही. त्यांनी वर्णव्यवस्थेची चौकट मोडली नाही. त्यांच्या क्रमात बहीण आजीच्याही नंतर येते, आणि एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः वाटा असावा, असे त्यांनी म्हटलेले नाही. त्यांचे मोल निराळ्या गोष्टीत आहे. परंपरेने हाती दिलेला शब्द त्यांनी पुन्हा तपासला. त्यातून जो अर्थ निघाला, तो रूढ समजुतीला गैरसोयीचा असूनही लिहून ठेवला.

पुण्यातील एक ग्रंथ

नीलकंठांचे पुण्याशी असलेले नाते ग्रंथाचे आहे. १९१७ साली स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९२६ साली व्यवहारमयूखाची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. तिचे संपादक होते काणे. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारा हा विद्वान स्वतःच बहुविद्य होता. ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ हे त्यांचे पाच खंडांचे कार्य १९३० ते १९६२ ह्या काळात ह्याच संस्थेने प्रकाशित केले. व्यवहारमयूखाच्या प्रस्तावनेत त्यांनी ह्या भट्ट घराण्याची हकिगत साक्षेपाने मांडली. ह्याच संस्थेत जैन हस्तलिखितांचाही मोठा संग्रह आहे आणि हीरालाल रसिकदास कापडिया यांनी त्याच्या वर्णनात्मक सूचीचे खंड सिद्ध केले. एकाच छताखाली दोन्ही परंपरांच्या पोथ्या नांदत आहेत.

पट तोच, खेळाडू नवे

नीतिमयूखातील पटावर स्त्री खेळाडू दिसत नाही. तो राजांचा खेळ होता. महाराष्ट्राने पुढे तोही पट मोकळा केला. १९७४ साली पहिली राष्ट्रीय महिला अजिंक्यपद स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. जयश्री आणि रोहिणी ह्या त्यांच्या बहिणीही पुढे राष्ट्रीय विजेत्या झाल्या. १९७६ साली रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा त्यावर मोठा गदारोळ झाला. शेवटी आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स ऑयवे यांनी, स्त्रियांना अशा स्पर्धेपासून रोखता येणार नाही, असा निर्वाळा दिला. ऑयवे हे माजी जगज्जेते आणि गणिताचे डॉक्टर. ह्या तिन्ही बहिणींचे वडील म्हणजे ‘नवाकाळ’चे संपादक. त्यांचेही नाव नीलकंठच होते. २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुख हिने महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा तिच्या खेळण्याच्या हक्काविषयी कोणी प्रश्न विचारला नाही.

कायद्याचा पटही दरम्यान पुष्कळ बदलला. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू झाला. महाराष्ट्राने १९९४ साली, त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून हा हक्क विवाहित मुलींसह साऱ्या देशात आला, आणि त्या तारखेला वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. आज मुलगी मुलाइतकीच सहदायाद आहे. हक्क जसा समान, तशी कुटुंबाच्या देण्याची जबाबदारीही समान.

कायदा एवढा पुढे आला, तरी व्यवहार तेवढा पुढे आलेला नाही. वडिलांच्या पश्चात दुकानाची किंवा जमिनीची कागदपत्रे भावांच्या नावे करायची वेळ येते, तेव्हा बहिणींपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. कित्येकदा ते माहेरच्या एखाद्या कार्याच्या दिवशी, जेवणाच्या पंगतीनंतर, वाचूनही न दाखवता पुढे येते. बहीण सही करते. तिला माहेर हवे असते, आणि नाही म्हटले तर ते तुटेल, अशी तिला भीती असते. बहिणीने समजून-उमजून, आपल्या इच्छेने भावाला वाटा देणे हा तिचा अधिकार आहे आणि त्यात मोठेपणही आहे. परंतु सोडण्याआधी काय सोडत आहोत, हे तिला ठाऊक असले पाहिजे. जे आपले आहे हेच जिला कधी सांगितले गेले नाही, तिच्याकडून त्याचा त्याग झाला असे म्हणता येत नाही. नीलकंठांनी दान आणि उपजीविकेची तजवीज यांत जो भेद केला, त्याचे सूत्र येथेही लागू पडते. जे दिले जाते, त्यावर देणाऱ्याची मालकी आधी मान्य झालेली असावी लागते.

हिशेबाच्या वहीत एक रक्कम जरी राहिली, तरी मेळ बसत नाही आणि मुनीम रात्र जागवतो. कुटुंबाच्या वाटणीतही हीच काटेकोर दृष्टी हवी. मिळकतीची यादी सर्वांसमोर वाचली जावी. बहिणीला स्वतंत्र सल्ला घेण्यास अवधी मिळावा. सही करायची की नाही, ह्याचा निर्णय तिने तिच्या घरी, तिच्या सवडीने घ्यावा. ज्याला अनेक वाटा आहेत, तो भाऊ थोडा थांबू शकतो. घोड्याने त्रेसष्ट घरे फिरून एक घर सोडले, तर त्याला कोणी जवळजवळ पूर्ण झालेला प्रवास म्हणत नाही. तो डाव पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो.